फाटलेल्या खोक्याचा धनी कोण?

भारतीय कायद्यात एक वाक्य असे आहे, की जे १८९८ पासून आजतागायत, शब्द बदलून पण आशय न बदलता, टिकून राहिले आहे. टपालात टाकलेली वस्तू वाटेत हरवली, भलत्याच माणसाच्या हाती गेली, उशिरा पोचली किंवा तिची मोडतोड झाली, तर सरकार त्याला जबाबदार असणार नाही. अपवाद एवढाच, की जी जबाबदारी केंद्र सरकारने स्वतःहून स्पष्ट शब्दांत पत्करली असेल, तेवढी. हे भारतीय टपाल अधिनियम, १८९८ चे कलम ६. तो अधिनियम आता रद्द झाला. त्याच्या जागी टपाल अधिनियम, २०२३ आला आणि १८ जून २०२४ पासून तो अमलात आहे. वसाहतकालीन कायद्यांचे जोखड उतरवून टाकण्याच्या घोषणा त्या काळात पुष्कळ झाल्या. या नव्या अधिनियमाचे कलम १० उघडून पाहावे. अन्य कोणत्याही कायद्यात काहीही म्हटले असले तरी टपाल कार्यालयावर त्याच्या सेवांबाबत कोणतेही दायित्व येणार नाही, विहित केले जाईल तेवढे सोडून. जोखड कोणाच्या मानेवरून उतरले आणि कोणाच्या मानेवर राहिले, ते वाचकांनीच ठरवावे.

मी केंद्र सरकारचा नोकर आहे, टपाल खात्याचा नव्हे. टपाल खात्याविषयी मला राग नाही, उलट आदरच आहे. सुमारे १ लाख ६४ हजार कार्यालयांचे जाळे या देशात दुसऱ्या कोणाचे नाही, आणि बस्तरच्या पाड्यावर मनीऑर्डर घेऊन जाणाऱ्या ग्रामीण डाकसेवकाइतके काम आम्हा कार्यालयीन अधिकाऱ्यांपैकी किती जण करतात, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. माझे भांडण त्या डाकसेवकाशी नाही. ते एका तत्त्वाशी आहे: वस्तू ज्याच्या ताब्यात असताना फुटली, त्याने सोडून बाकी सर्वांनी ती भरून द्यावी, या तत्त्वाशी. हे तत्त्व सरकारने घालून दिले आणि खासगी कुरियरवाल्यांनी आनंदाने उचलले. आज त्याचा सर्वाधिक भार वाहतो आहे तो आंतरजालावर माल विकणारा लहान विक्रेता.

मी राहतो त्या कोहक्यात असे विक्रेते गल्लोगल्ली आहेत. भिलाई म्हटले की लोकांना पोलाद कारखाना आठवतो. पण कारखान्यातील नोकऱ्या आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, आणि सुपेला-कोहका-जुनवानी या पट्ट्यातील पुष्कळ घरांमधून हल्ली खोकी बाहेर पडतात. कोणी साड्या पाठवतो, कोणी ढोकरा शिल्प, कोणी शाळेचे गणवेश. विदर्भातून दोन पिढ्यांपूर्वी आलेल्या मराठी कुटुंबांतील काही गृहिणी गोडा मसाला, अनारशाचे पीठ, मेतकूट, लोणची असे पदार्थ कोलकाता, हैदराबाद, बंगळुरूच्या मराठी घरांना विकतात. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना या व्यापाराचे मोल सांगायला नको. दिवाळीच्या आधी महिनाभर आपण सगळेच अशा एखाद्या खोक्याची वाट पाहत असतो.

आमच्या परिचयातील एका वहिनींचे खोके कोलकात्याला पोचले तेव्हा त्याच्या पट्टीचा रंग बदललेला होता. यांनी लावलेली पट्टी तपकिरी. पोचली ती पारदर्शक. लोणच्याची बरणी फुटलेली, मसाल्याची दोन पाकिटे गायब. ग्राहक सज्जन, पण पैसे त्याने परत मागितलेच, आणि ते मागण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. विक्री ज्या संकेतस्थळावरून झाली होती त्याने ते तत्काळ दिले आणि वहिनींच्या खात्यातून वळते करून घेतले. शिवाय परतीच्या वाहतुकीचा आकारही कापला. वाहकाकडे तक्रार केली, तर उत्तर आले की वेष्टन अपुरे होते. ही वाहक संस्था कोणती, ते मी सांगणार नाही. कारण दुसरी असती तरी उत्तर हेच आले असते. मी कागद मागवून पाहिले. आरक्षणाच्या पावतीवर वजन होते ३ किलो २०० ग्रॅम; परतीच्या नोंदीत वजन होते २ किलो ४०० ग्रॅम. दोन्ही आकडे त्याच संस्थेच्या यंत्रांनी मोजलेले, त्याच संस्थेच्या संगणकात नोंदलेले. अपुऱ्या वेष्टनामुळे बरणी फुटते हे मान्य. पण अपुऱ्या वेष्टनामुळे ८०० ग्रॅम माल स्वतःची पट्टी स्वतः बदलून निघून जात नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याचे काम त्या साखळीत कोणाचेच नव्हते. १,८५० रुपयांचा माल गेला. रक्कम लहान आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी मसाल्याच्या धंद्यातील नफ्याचे प्रमाण विचारून पाहावे.

आता कायदा काय म्हणतो ते क्रमाने पाहू. ग्राहकाच्या बाजूने तो स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास अथवा पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे वाटेतील धोका संपत नाही, तो विक्रेत्याच्या अंगणात येऊन पडतो. विक्रेत्याने तो पुढे वाहकाकडे ढकलावा, तर तिथे भिंत आहे. स्वतः विक्रेत्याने ग्राहक आयोगाकडे जावे, तर व्यापारी हेतूने सेवा घेणारा हा ग्राहकच नव्हे, अशी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ची व्याख्या आहे; केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यापुरती त्यात सवलत आहे. म्हणजे आमच्या वहिनींनी आधी आपण किती गरीब आहोत हे सिद्ध करायचे आणि मग लोणच्याविषयी बोलायचे.

टपालातून पाठवलेल्या मालाची कथा अधिक बोधप्रद आहे. स्पीड पोस्ट ही सेवा १९८६ मध्ये सुरू झाली. तिच्याविषयी सरकारने जी जबाबदारी 'स्पष्ट शब्दांत' पत्करली, ती १९९९ च्या दुरुस्तीने अशी ठरली: वस्तू हरवली, आतील माल गेला किंवा खराब झाला, तर भरपाई म्हणजे भरलेल्या शुल्काची दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. 'कमी असेल ती' हे तीन शब्द वाचकांनी पुन्हा वाचावेत. शुल्क ७० रुपये असेल तर भरपाई १४० रुपये, मग आत ५०० रुपयांचा मसाला असो की ५,००० रुपयांची साडी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक गंमत दिसते. भरपाईचा संबंध मालाच्या किमतीशी नाहीच, तो भाड्याशी आहे. म्हणून पाकीट जितके मौल्यवान, तितका ते सांभाळण्याचा मोबदला वाहकाला शून्याच्या जवळ जातो. चोराला मात्र किंमत बरोबर कळते.

यावर खात्याचे उत्तर तयार असते: विमा उतरवा. उतरवावा, जरूर उतरवावा. पण विम्याचा दीर्घकाळ चालत आलेला दर पहिल्या २०० रुपयांना १० रुपये आणि पुढच्या प्रत्येक १०० रुपयांना ६ रुपये असा होता. १०,००० रुपयांच्या मालाला हा आकार ५९८ रुपये होतो, म्हणजे जवळजवळ ६ टक्के. टपालाचा धोका खरोखर ६ टक्के असेल, तर खात्याने ते पाटीवर लिहावे. तो तेवढा नसेल, आणि तो नसतोच, तर हा विम्याचा हप्ता नव्हे. आपलेच काम नीट करण्यासाठी घेतलेला जादा दाम आहे.

खासगी क्षेत्रात स्थिती बरी आहे का? कायद्याच्या पुस्तकात बरी आहे. १८६५ च्या वाहक अधिनियमापासून या देशात सार्वजनिक वाहकाविरुद्धच्या दाव्यात मालाच्या मालकाने निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज ठेवलेली नाही. माल दिला, तो पोचला नाही, एवढे पुरे. बाकीचे उत्तर वाहकाने द्यायचे. त्याची जागा घेणारा रस्त्याने मालवाहतूक अधिनियम, २००७ हा १ मार्च २०११ पासून लागू झाला आणि त्यात कुरियर संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण या दोन्ही कायद्यांत 'सार्वजनिक वाहक' या शब्दाची व्याख्या करताना एक छोटीशी तजवीज आहे, ती अशी की त्यात सरकारचा समावेश नाही. १८६५ साली राणीच्या सरकारने स्वतःला वगळले. २००७ साली प्रजासत्ताकाच्या सरकारने. आणि खासगी वाहकांनी सुटकेची वाट शोधली ती पावतीच्या मागच्या बाजूला. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पाठवणाऱ्याने सही केलेल्या पावतीवर १०० डॉलरची मर्यादा छापलेली असल्याने तेवढीच भरपाई मिळेल, असा निर्णय दिला. खालच्या आयोगाने चार लाखांहून अधिक रक्कम मंजूर केली होती. सही केली म्हणजे मान्य केले, हा करारकायद्याचा जुना नियम आहे आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण कोहक्यातील पानटपरीशेजारच्या कुरियर खिडकीवर, मोहरीएवढ्या इंग्रजी अक्षरांतील अटी नाकारून आपल्या अटी पुढे करण्याची सोय कोणाला असते, हे सांगा. अट नाकारली तर खोके परत घेऊन घरी जायचे, एवढेच स्वातंत्र्य.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती मात्र रेल्वेशी तुलना. दुर्ग स्थानकावर उभे राहा. हावड्याकडे जाणाऱ्या एका गाडीच्या सामानाच्या डब्यात दोन खोकी चढतात असे समजा. एक रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून आरक्षित झाले आहे, दुसरे टपालाच्या थैलीत आहे. दोन्हीही भारत सरकारच्या ताब्यात, एकाच गाडीत, एकाच रात्री, एकाच रुळांवरून निघालेली. पहिले फुटले तर रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम ९३ लागू होते. त्यानुसार माल हरवणे, नासणे, खराब होणे याला रेल्वे प्रशासन जबाबदार असते; दैवी आपत्ती, युद्ध वगैरे ठरावीक कारणांखाली आपण सुटतो हे रेल्वेने दाखवायचे असते, आणि तेवढ्यावरही आपण वाजवी काळजी घेतली होती हे सिद्ध करायचे असते. सहा महिन्यांत लेखी सूचना द्या, न मिटल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जा. त्यासाठी १९८७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि नागपुरास त्याचे खंडपीठ आहे. दराची जोखीम मालकाची असेल आणि मूल्य घोषित केलेले नसेल तर तिथेही मर्यादा आहेत, हे मी लपवत नाही. पण दार आहे, दारावर पाटी आहे, आत बसलेला माणूस दावा ऐकतो. दुसरे खोके, टपालाचे, फुटले तर तक्रार क्रमांक मिळतो.

एकाच सरकारचे दोन हात. एक हात म्हणतो की दिलेला माल मी सांभाळला पाहिजे, दुसरा म्हणतो की सांभाळणे ही माझी कृपा आहे. आणि रेल्वे काही दिवाळखोर झाली नाही.

ही कृपेची कल्पना आली कोठून? १७७८ साली इंग्लंडात एका पत्रातील १०० पौंडांची नोट टपालाच्या वर्गीकरण कारकुनाने काढून घेतली. पत्र पाठवणाऱ्याने पोस्टमास्टर जनरलवर दावा लावला. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी तो फेटाळला. टपालव्यवस्था ही व्यापारी वाहतूक नव्हे, ती महसूल आणि राज्यकारभाराची शाखा आहे, तिचा करार कोणाशी होत नाही, असा त्याचा आशय. १९५७ मध्ये ट्रायफस प्रकरणात हिऱ्यांची पाकिटे नोंदणीकृत टपालातून गेली, ती टपालाच्याच नोकराने चोरली, तरी इंग्लंडच्या न्यायालयाने तोच धडा गिरवला. आणि युनियन ऑफ इंडिया विरुद्ध मोहम्मद नाझिम या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की टपाल खाते सार्वजनिक वाहक नाही, पाठवणाऱ्याचा प्रतिनिधीही नाही. ती लोकसेवेची एक शाखा आहे. ते प्रकरण होते फाळणीनंतर पाकिस्तानातील ग्राहकांना व्ही. पी. ने पाठवलेल्या पार्सलांचे. तिकडे पैसे वसूल झाले, इकडे पोचले नाहीत. व्ही. पी. पी. ही आजच्या 'माल मिळाल्यावर पैसे' या पद्धतीची आजी आहे. भारतात ती १८७७ पासून होती आणि मराठी प्रकाशकांची पुस्तके, दिवाळी अंक, औषधे घरोघरी गेली ती तिच्यावर. (परप्रांतातील मराठी माणसाचे वाचन टिकले, त्यात व्ही. पी. चा वाटा मोठा आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

लोकांनी या कृपेला कसे तोंड दिले, तेही पाहण्यासारखे आहे. त्यांनी नोटा कापल्या. नोटेचे दोन तुकडे करायचे, एक आधी पाठवायचा, तो पोचल्याचे उत्तर आले की दुसरा. इंग्लंडात ही रीत होती आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील व्यापाऱ्यांतही ती रुळली. इतकी, की रिझर्व्ह बँकेच्या १९७५ च्या नोट परतावा नियमांतही 'अर्धी नोट' या शब्दाची स्वतंत्र व्याख्या होती. लोणच्याची बरणी अशी अर्धी पाठवता येत नाही.

आपल्याकडच्या व्यापाराला जोखमीची किंमत ठरवणे ठाऊक नव्हते, असेही नाही. जुन्या मराठी व्यवहारात हुंडेकरी होता. माल अमुक ठिकाणी पोचवण्याचा आणि वाटेतील सर्व जकाती भरण्याचा तो एकरकमी हुंडा घेई. माल सुखरूप पोचला तरच पैसे देय होतील, अशी जोखमी हुंडीही देशी पेढ्यांना परिचयाची होती. धोका कोणाचा, हे आधी बोलून ठरत असे. ते न ठरवता पैसे घेण्याची पद्धत नंतरची, आणि ती आम्ही कचेरीवाल्यांनी आणली.

राज्याच्या दायित्वाचा हा रोग टपालापुरता नाही. १९६५ चे कस्तुरीलाल प्रकरण प्रशासनातील प्रत्येक प्रशिक्षणार्थीने वाचावे असे आहे. १९४७ साली मेरठच्या पोलिसांनी एका सराफाचे सोने जप्त करून मालखान्यात ठेवले; हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात गेला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जप्ती हे सार्वभौम कार्य आहे, म्हणून राज्य जबाबदार नाही. त्याच निकालात न्यायालयाने ही स्थिती समाधानकारक नसल्याचे सांगून कायदा करण्याची गरज दाखवली. त्याआधी १९५६ मध्ये विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल याच विषयावर दिला होता. विधेयके १९६५ आणि १९६७ मध्ये आली आणि विरून गेली. १९९४ च्या नागेंद्र राव प्रकरणात न्यायालयानेच ही सार्वभौमत्वाची ढाल बरीच लहान केली. पण टपालाची ढाल न्यायालयाची नाही, ती संसदेची आहे. म्हणून ती तशीच चकाकते आहे.

प्रतिवाद होतात, त्यांचा परामर्श घेतला पाहिजे. पहिला: टपाल ही स्वस्त लोकसेवा आहे, ५० पैशांच्या पोस्टकार्डावर भरपाईचा बोजा टाकाल तर ती मोडेल. हा युक्तिवाद पोस्टकार्डापुरता मला पूर्ण मान्य आहे. पण पार्सल हे पोस्टकार्ड नव्हे. पार्सलाच्या बाजारात खाते खासगी संस्थांशी स्पर्धा करते, जाहिराती करते, विक्रेत्यांना सवलती देते. शिवाय जुन्या कायद्यात मुक्ततेच्या बदल्यात एक तर्क तरी होता: पत्रे वाहण्याचा एकाधिकार कलम ४ ने सरकारकडे होता, आणि एकाधिकारासोबत कोणालाही नाही न म्हणण्याचे ओझे येते. २०२३ च्या अधिनियमात तो एकाधिकार उरला नाही. एकाधिकार गेला, मुक्तता राहिली. धंदा करायचा व्यापाऱ्यासारखा आणि उत्तर द्यायचे राजासारखे, हे एका वेळी चालणार नाही.

दुसरा प्रतिवाद: दोषी कर्मचाऱ्याला शिक्षा होतेच. जुन्या कायद्यात कलम ५२ खाली टपालवस्तूच्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद होती, कलम ५३ खाली ती उघडणे वा अडवून ठेवणे हाही गुन्हा होता. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने १८९८ च्या कायद्यातील गुन्हे आणि शिक्षा काढून टाकल्या, आणि नव्या टपाल अधिनियमात त्या परत आल्या नाहीत. चोरी, अपहार यांसाठी भारतीय न्याय संहिता आहे, लोकसेवकाच्या विश्वासघाताला तिच्यात जबर शिक्षाही आहे, हे खरे. पण दुसऱ्याचे पाकीट उघडून पाहणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यासाठीचे खास कलम गेले. त्याच अधिनियमाच्या कलम ९ ने मात्र राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी टपालवस्तू अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार सरकारकडे राखला आहे. असा अधिकार कोणत्याही राज्याला लागतो, त्यावर माझी तक्रार नाही. कलम ९ आणि कलम १० एका पानावर, एकाखाली एक आहेत, एवढेच नजरेस आणून देतो.

तिसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे, आणि तो करणारे लोक अनुभवी आहेत: विक्रेते आणि ग्राहकही लबाडी करतात. भ्रमणध्वनीच्या जागी साबणाची वडी भरून पाठवणारा विक्रेता असतो. चांगला माल काढून घेऊन विटेचा तुकडा परत पाठवणारा ग्राहक असतो. खरेच असतात. म्हणून आता खोके उघडतानाचे अखंड चित्रण दोन्ही पक्षांकडून मागितले जाते. ग्राहकाने उघडताना चित्रण करायचे, विक्रेत्याने भरताना करायचे. आमच्या वहिनी आता एका हाताने बरणी गुंडाळतात आणि दुसऱ्या हातात फोन धरतात. जो मधला चार-पाच दिवस ते खोके बाळगून होता, त्याच्याकडून मात्र कोणी काहीच मागत नाही. ज्याच्या गोदामात छायाचित्रक आहेत, प्रत्येक टप्प्यावर पट्टीसंकेत वाचणारी यंत्रे आहेत, वजनकाटे आहेत, तोच तेवढा पुराव्याच्या ओझ्यातून मुक्त.

१९७० साली अर्थशास्त्रात दोन लेखने प्रसिद्ध झाली, जी आम्हाला एम. ए. ला अभ्यासावी लागली. एक ॲकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा निबंध, दुसरे गिडो कॅलाब्रेसी यांचे अपघातांच्या खर्चावरचे पुस्तक. कॅलाब्रेसींचे म्हणणे थोडक्यात असे, की नुकसानीचा भार त्याच्यावर टाकावा, जो ते नुकसान सर्वांत कमी खर्चात टाळू शकतो. खोके कोठे उघडले गेले हे शोधणे कोहक्यातील गृहिणीला अशक्य, कोलकात्याच्या ग्राहकाला अशक्य आणि वाहकाला जवळजवळ फुकट आहे, कारण मोजमाप आधीच होत असते. वजनाप्रमाणे भाडे वाढवून घ्यायचे असते तेव्हा तेच यंत्र अत्यंत दक्ष असते. ३ किलो २०० ऐवजी ४ किलो भरले तर फरकाचे पैसे त्याच संध्याकाळी कापले जातात. कमी भरले तर यंत्राला काही दिसत नाही. साक्ष्य अधिनियमाचाही हाच न्याय आहे: जी गोष्ट विशेषतः एकाच्याच माहितीत असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. जुने कलम १०६, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १०९.

भिलाईत हे पटवून द्यायला फार शब्द लागत नाहीत. येथे तयार होणाऱ्या प्रत्येक रुळावर कारखान्याची खूण, महिना-वर्ष आणि पोलादाच्या ओतकामाचा क्रमांक उमटवलेला असतो. शेकडो मैलांवर रूळ तडकला, तर तो कोणत्या ओतातून निघाला हे शोधता येते. कारखाना म्हणत नाही की रूळ आमच्या फाटकातून बाहेर गेला, आता तुमचे तुम्ही पाहा.

जागतिक टपाल संघात भारत १८७६ पासून आहे. त्याच्या नियमांनुसार परदेशी जाणाऱ्या पार्सलाची भरपाई दर पार्सलमागे ४० आणि दर किलोमागे साडेचार विशेष आहरण अधिकार इतक्या मर्यादेपर्यंत मोजली जाते, म्हणजे पार्सल जड असले तर मर्यादाही वाढते. कोलकात्याला जाणाऱ्या बरणीपेक्षा न्यूजर्सीला जाणाऱ्या बरणीची राज्याला अधिक कदर आहे, असा याचा अर्थ कोणी काढला तर मला तो खोडता येणार नाही. २०२२ पासून उघडलेल्या डाकघर निर्यात केंद्रांमधून लहान विक्रेत्यांनी परदेशी माल पाठवावा, असे सरकारच सांगते. सांगावेच. पण जो नवखा विक्रेता पहिल्याच खेपेला फुटलेले खोके आणि कापलेली रक्कम पाहतो, तो दुसरी खेप भरत नाही, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

करायचे काय, तर नवा कायदा लागत नाही. कलम १० मध्येच 'विहित केले जाईल तेवढे सोडून' हे शब्द आहेत. विहित करणे म्हणजे नियम करणे, आणि नियम संसद नव्हे, आम्हीच करतो. सहसचिवांच्या टेबलावर मसुदा होतो. त्यात लिहावे, की पार्सलाबाबत भरपाई भाड्याच्या पटीत नव्हे, घोषित मूल्याच्या प्रमाणात असेल, आणि वाजवी रकमेपर्यंतचे घोषित मूल्य भाड्यातच धरलेले असेल. लिहावे, की आरक्षणाचे वजन आणि वाटपाचे वजन यांत ठरावीक प्रमाणापेक्षा फरक पडला, तर माल ताब्यात असताना गेला असे गृहीत धरले जाईल आणि उलट सिद्ध करण्याचा भार खात्यावर राहील. वाटपापूर्वी वजन करून ते पाकिटावर छापावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ५ रुपये अधिक कर घेऊन सांकेतिक क्रमांक विचारून वाटप करण्याची सोय खात्याने दिली आहे. वस्तू योग्य माणसाच्या हाती पडल्याची ती खात्री. त्याच यंत्रात वजनाचा एक रकाना वाढवणे फार कठीण नसावे. आणि घोषित मूल्यावरून तंटा झाला तर त्यासाठी न्यायाधिकरण आहे तसे एखादे ठिकाण, निदान परिमंडळाच्या पातळीवर, नेमून द्यावे. खासगी वाहकांसाठी तर कायदा आहेच. पावतीच्या पाठीवरील मर्यादा कोणत्या अक्षरांत, कोणत्या भाषेत आणि किती रकमेच्या खाली नको, हे २००७ च्या अधिनियमाखालील नियमांत घालता येईल.

तोवर विक्रेत्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पावतीवर वजन ग्रॅमपर्यंत नोंदवून घ्या. गोल आकडा स्वीकारू नका. पट्टी आपल्या नावाची किंवा वेगळ्या रंगाची वापरा, म्हणजे बदलली तर लगेच कळेल. ग्राहकाला आधीच कळवा, की खोके फाटलेले वा वजनाला हलके दिसले तर ते तसेच घेऊ नये. टपाल कार्यालयात पोस्टमास्तरांसमोर उघडून आतील वस्तूंची यादी करून घेण्याची, म्हणजे खुल्या वाटपाची मागणी करावी. ती प्रथा जुनी आहे, फक्त मागणारे कमी झाले आहेत. कुरियरच्या बाबतीत लेखी सूचना आरक्षणाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे, नाहीतर दावा उभाच राहत नाही. संकेतस्थळावरील तक्रार क्रमांकावर विसंबून राहू नका, नोंद राहील असे पत्र पाठवा. नोंदणीकृत टपाल आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा पत्र स्पीड पोस्टानेच जाईल, आणि त्यासाठी नोंदणीचे जादा ५ रुपये अधिक कर भरावे लागतील.